कार्टरसाहेबांचा हिरवा गोळा

धोबीतलाव म्हटले की आज कुणाच्या डोळ्यांपुढे पाणी येत नाही. सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावेही तशीच. पाणी गेले, नाव राहिले. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले. त्याआधी सारे शहर या तळ्यांवर आणि विहिरींवर जगत होते. पुढे ती तळी एकेक करून बुजवली गेली. त्या काळच्या मुंबईच्या पाण्यातला एक जीव मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत नाव कमावून बसला आहे, आणि हे मुंबईकरांच्या गावीही नाही. आज त्याची हकीकत सांगते.

मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवले. विज्ञानाचा तास दुसऱ्या बाईंचा. पण आमच्या धाकट्या नणंदेची नात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते, आणि सुट्टीत आली की माझ्याजवळ बसून तिचे विषय सोपे करून सांगते. तिच्या बोलण्यात एकदा ‘व्हॉल्व्हॉक्स कार्टरी’ असे नाव आले. शैवालाच्या नावात हा कार्टर कोण, एवढ्या एका प्रश्नावरून मी शोधायला लागले. माणसाच्या नावावरून इतिहासात शिरायची आम्हा इतिहासवाल्यांची जुनी खोड!

हेन्री जॉन कार्टर यांचा जन्म १८१३ चा, इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला. वैद्यकी शिकून १८४२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले. मध्ये दोन वर्षे ‘पॅलिन्युरस’ जहाजावरून अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करून आले, मुंबई बेटाच्या भूगर्भावर लिहिले, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद सांभाळले. टाउन हॉलच्या पायऱ्या चढताना कितीजणांना हे नाव आठवत असेल? पण त्यांचा खरा जीव सूक्ष्मदर्शकात. मुंबईच्या तळ्यांत वाढणाऱ्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर त्यांनी १८४८ च्या आसपास लेख लिहिले. त्याच सुमारास, १८४८ मध्ये, पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू होत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चाललेल्या, एकमेकींना ठाऊक नसलेल्या. इतिहास शिकवताना मला अशा जोड्या लावायला फार आवडत.

इथे एक खुलासा. त्याच मुंबईत त्याच काळात दुसरेही एक डॉक्टर कार्टर होते, हेन्री व्हँडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे त्यांची. तो ग्रंथ निघाला त्याच वर्षी, १८५८ मध्ये, ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले. आडनाव तेच, पहिले नाव तेच, पेशा तोच. पुस्तकांतून शोधताना माझा निम्मा वेळ या दोघांना वेगळे करण्यात गेला.

तर आपले कार्टर. १८५९ मध्ये त्यांनी लंडनच्या एका निसर्गविज्ञानाच्या मासिकात दोन प्रकारच्या व्हॉल्व्हॉक्समध्ये फलन कसे होते यावर लेख लिहिला. सत्तावनच्या धामधुमीला जेमतेम दोन वर्षे झालेली, कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आलेले, आणि हा गृहस्थ पाण्याच्या थेंबात बघत बसलेला. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८६२ मध्ये मायदेशी परतले आणि उरलेले आयुष्य स्पंजांना वाहून घेतले. पुढे १८७८ मध्ये प्रागच्या फ्रिडरिश स्टाइन यांनी, कार्टर यांनी मुंबईत पाहिलेला हा जीव स्वतंत्र जातीचा आहे असे ठरवून त्याला त्यांचेच नाव दिले. व्हॉल्व्हॉक्स कार्टरी.

व्हॉल्व्हॉक्स म्हणजे काय, हे सांगायला हवे. टाचणीच्या डोक्याहून लहान असा हिरवा, पारदर्शक गोळा. नुसत्या डोळ्यांना पाण्यात हिरवा कण दिसतो. भिंगाखाली पाहिले तर गोळ्याच्या पृष्ठभागावर दोनेक हजार पेशी मोत्यांसारख्या बसवलेल्या आणि प्रत्येकीला दोन बारीक शेपट्या. त्या शेपट्या हलल्या की गोळा गरगर फिरत पुढे जातो. नावाचा मूळ अर्थही ‘फिरणारा’ असाच. आत पंधरा-सोळा मोठ्या पेशी असतात. त्या वाढून नवे गोळे होतात, आणि बाहेरच्या दोन हजार पेशी पोहण्याचे काम संपले की मरून जातात. जर्मनीच्या ऑगस्ट व्हाइसमान यांना हे फार मोलाचे वाटले. शरीर मरते आणि बीज पुढे चालते, ही विभागणी जीवसृष्टीत पहिल्यांदा कुठे झाली असेल, याचे उदाहरण म्हणून त्यांनी व्हॉल्व्हॉक्सकडे बोट दाखवले.

एरवी हा गोळा नर-मादीच्या भानगडीत पडतच नाही, आपला आपण वाढतो. पण डबके आटायला लागले, पाणी तापले, की एक द्रव्य पाण्यात सुटते. ते इतके प्रभावी की त्याचा अंशाचाही अंश पुरतो. त्याचा स्पर्श झालेल्या गोळ्यांची पुढची पिढी मग नर आणि मादी होते. फलन होऊन जाड कवचाचे बीज तयार होते आणि ते वाळलेल्या चिखलात पुढच्या पाण्याची वाट पाहत पडून राहते. आपल्याकडच्या वैशाखात आटणाऱ्या तळ्यांना शोभेल असाच हा बेत आहे.

आता मुख्य प्रश्न. नर कोण आणि मादी कोण, हे ठरते कशावर?

आमच्या शाळेच्या विज्ञानखोलीत एक तक्ता होता. आईकडे एक्स-एक्स, वडिलांकडे एक्स-वाय. आमच्या एका सहशिक्षिकेला तिसरी मुलगी झाली तेव्हा सासरी तिचे जे हाल झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. विज्ञानाच्या बाई संतापून म्हणाल्या होत्या, तो तक्ता तिच्या सासूबाईंच्या देवघरात नेऊन लावा. वाय गुणसूत्र बापाकडून येते, तेव्हा दोष असलाच तर सुनेचा नव्हे, हे त्या तक्त्यात स्पष्ट होते. अळीच्या पेशींमध्ये हे छोटे गुणसूत्र ओळखून लिंगाशी त्याची सांगड घातली तीही एका बाईनेच, नेटी स्टीव्हन्स यांनी, १९०५ मध्ये. पण त्या तक्त्यामुळे एक समजूत आपल्या मनात घट्ट बसली. नर-मादी म्हणजे एक्स आणि वाय, एवढेच. शैवालांकडे पाहिले की ही समजूत सुटते.

शैवालांपैकी पुष्कळांचे जगणेच निराळे. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात, एक संच आईचा, एक बापाचा. व्हॉल्व्हॉक्सच्या पेशीत एकच संच. दोन संच एकत्र येतात ते फक्त त्या जाड कवचाच्या बीजात, आणि ते रुजताना पुन्हा वेगळे होतात. वेगळे होताना एकाच्या वाट्याला मादीचे गुणसूत्र येते, दुसऱ्याच्या नराचे. म्हणजे इथे लिंग आईवडिलांच्या मिलनाच्या क्षणी ठरत नाही, त्यानंतर बीज फुटताना ठरते. अपत्याचे लिंग बापामुळे की आईमुळे, हा वादच इथे उभा राहत नाही. सासूबाईंचा नाइलाज!

याहून मागे गेले तर नर-मादीही नाहीत. व्हॉल्व्हॉक्सचा एक एकपेशीय चुलतभाऊ आहे, क्लॅमिडोमोनास. दोघांच्या वाटा सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. याच्यात मीलन होते, पण दोन्ही पेशी आकाराने अगदी सारख्या. अंडे नाही, शुक्राणू नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना ‘अधिक’ आणि ‘उणे’ म्हणतात. प्रयोगशाळांत आज वापरला जाणारा त्याचा सर्वांत प्रसिद्ध वाण १९४५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टजवळच्या बटाट्याच्या शेतातल्या मातीतून आला. १९५४ मध्ये रूथ सेगर यांनी याच जीवात दाखवले की काही गुण एकाच बाजूकडून, ‘अधिक’कडून, उतरतात. ते हरितलवकातले असल्याचे पुढे कळले. दिसायला दोघे सारखे, पण वारशात भेद सुरू झालेला.

या जीवाच्या इतिहासात एक काळे पानही आहे. फ्रान्झ मोएवुस हे जर्मन संशोधक. १९३०च्या दशकात त्यांनी क्लॅमिडोमोनासच्या लिंगभेदावर एकामागून एक निबंध काढले. हायडेलबर्गला रिचर्ड कून या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेत त्यांनी काम केले. कून यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले. मोएवुस यांचा दावा असा की केशराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातकुळीतली काही रसायने कमीजास्त प्रमाणात मिसळली की पेशींचे लिंग ठरते. केशराच्या काडीने नर-मादी ठरते म्हटल्यावर कुणाला गंमत वाटणार नाही? जनुक आणि रसायन यांची सांगड घालणारे पहिले मोठे काम म्हणून त्यांचा गवगवा झाला.

पण त्यांचे आकडे फार सुबक होते. १९३९ मध्ये लंडनमध्ये उर्सुला फिलिप आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी ते तपासले आणि दाखवले की खऱ्या प्रयोगात आकडे थोडे इकडेतिकडे होतातच. इतके काटेकोर जुळणे योगायोगाने अशक्यप्राय आहे. हे हाल्डेन म्हणजे पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिलेले, भारताचे नागरिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारलेले हाल्डेन. पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला त्यांचे म्हणणे लगेच पटेल. वर्गातल्या सगळ्या मुलांची उत्तरे दशांशापर्यंत जुळली की आपण गुण देत नाही, पर्यवेक्षकाला बोलावतो.

तरीही मोएवुस यांचे नाव पुढे पंधरा वर्षे चालले. युद्ध आले, त्यांचे प्रयोग कुणी नीट पडताळून पाहिले नाहीत. अखेर १९५४-५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सिस रायन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना ते पुन्हा करून दाखवायची संधी मिळाली. ते दाखवता आले नाहीत, आणि रायन यांनी तसे १९५५ मध्ये छापून जाहीर केले. १९५९ मध्ये मोएवुस वारले. मला वाईट वाटते ते त्या माणसापेक्षा त्या विषयाचे. शैवालाचे लिंग हा विषयच काही काळ संशयाचा होऊन बसला.

विषयाला पुन्हा उभारी आली ती बरीचशी दोन माणसांच्या चिकाटीमुळे. रिचर्ड स्टार यांनी अमेरिकेत जगभरचे शैवालांचे वाण जिवंत सांभाळले. त्यांनी १९६०च्या दशकात जपानहून आलेल्या व्हॉल्व्हॉक्स कार्टरीचे नर आणि मादी असे दोन वाण वाढवून त्यांचे लैंगिक जीवन बारकाईने लिहून ठेवले. हा उपप्रकार मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३३ मध्ये दक्षिण भारतातून वर्णन केलेला. म्हणजे वर्णन आपल्याकडचे, वाण जपानी, नाव मुंबईच्या डॉक्टरचे, आणि शाळा अमेरिकेतली. दुसरे नाव उर्सुला गुडइनफ यांचे. त्यांनी आणि पॅट्रिक फेरिस यांनी १९९७ मध्ये क्लॅमिडोमोनासचे ते जनुक शोधले ज्याच्यामुळे पेशी ‘उणे’ होते. त्याला ‘मिड’ म्हणतात. मिड असले तर उणे, नसले तर अधिक. एका किल्लीचा फरक.

मग २००६ मध्ये तोक्योच्या हिसायोशी नोझाकी यांनी प्लिओडोरिना नावाच्या शैवालात हेच जनुक शोधले. या शैवालात अंडे आणि शुक्राणू वेगळे झालेले आहेत, आणि मिडचा हा भाऊबंद फक्त नरात सापडला. त्याला त्यांनी ‘ओतोकोगी’ असे जपानी नाव दिले, अर्थ पौरुष. त्या शैवालाच्या जातीचे नाव स्टारी, म्हणजे पुन्हा ते स्टारच. पौरुष कुठून आले, याचे उत्तर निदान या घराण्यापुरते मिळाले. सारख्या दिसणाऱ्या दोघांतल्या ‘उणे’कडून! जगभर पुरुषाला अधिक मानतात, आणि इथे मूळ खाते उण्याचे निघाले. ही नावे शास्त्रज्ञांनी नुसती सोयीसाठी ठेवली होती हे मला माहीत आहे, पण वाचताना हसू आवरले नाही.

२०१० मध्ये फेरिस, जेम्स उमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॉल्व्हॉक्स कार्टरीचे नर-मादी ठरवणारे क्षेत्र उलगडले. क्लॅमिडोमोनासपेक्षा ते सुमारे पाचपट मोठे. २०१४ मध्ये उमेन यांच्या गटाने मादीत मिड घातले, तर अंड्यांच्या जागी शुक्राणूंचे पुंजके झाले. नरात मिड दाबून टाकले, तर त्याने अंडी घातली, आणि ती फळलीही. पण मिड घातलेल्या मादीच्या गोळ्याची रचना मात्र मादीसारखीच राहिली. म्हणजे मिड हेच सर्वस्व नाही. मादी म्हणजे ‘मिड नसलेली’ असे कुणी लिहिले की मला खटकते. किल्ली फिरवली नाही म्हणून घर रिकामे नसते. अंडे करायची सारी तयारी दोघांच्याही घरात आहे, आणि शुक्राणू करायचीही.

आता त्या क्षेत्राविषयी थोडे, कारण गुणसूत्रांचा इतिहास तिथेच लिहिलेला आहे. प्रत्येक पिढीत जोडीतली गुणसूत्रे पत्त्यांसारखी पिसली जातात. नर-मादीचे क्षेत्र मात्र पिसायचे नाही, नाहीतर गोंधळ होईल. न पिसलेल्या डावात खराब पाने साचत जातात. आपल्या वाय गुणसूत्राचे तसेच झाले. सोबतीला चांगले एक्स असल्यामुळे त्याचे दोष झाकले गेले, आणि ते झिजत झिजत एवढेसे राहिले. पण १९७८ मध्ये जेम्स बुल यांनी कागदावरच मांडले की एकच संच असलेल्या जीवांत असे एकतर्फी होणार नाही. तिथे झाकायला दुसरे कुणी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण इथे मूठ उघडीच! मादीच्या गुणसूत्रात बिघाड झाला तर मादीला तो लगेच भोवणार, नराच्या गुणसूत्रात झाला तर नराला. म्हणून दोघांची झीज सारखी, थोडी आणि बरोबरीची. या जोडीला २०११ पासून ‘यू’ आणि ‘व्ही’ म्हणायची पद्धत पडली. यू मादीचे, व्ही नराचे. एकाला दुसऱ्याचा आधारही नाही आणि ओझेही नाही.

वैविध्याचीही गंमत आहे. क्लॅमिडोमोनासचे अधिक आणि उणे वरवर पाहता पक्के वेगळे, पण २०१३ मध्ये अनेक वाण तपासल्यावर कळले की त्यांच्यात गुपचूप देवाणघेवाण चालू असते. वेगळ्या चुली मांडलेल्या भावांच्या घरांतून वाटीभर आमटी इकडून तिकडे जावी तशी. त्यामुळे दोन्ही बाजूंची समान जनुके अजून बरीच सारखी राहिली आहेत. व्हॉल्व्हॉक्समध्ये ती वाटी बंद झाली. तिथे नराचे आणि मादीचे तेच जनुक इतके वेगळे झाले आहे की नाते ओळखायला परिश्रम पडतात.

यावरून सर्वांनी अंदाज बांधला की अंडे-शुक्राणू वेगळे व्हायला हे क्षेत्र मोठे व्हावे लागत असेल. २०१८ मध्ये जपानच्या ताकाशी हामाजी आणि मंडळींनी युडोरिना तपासले. त्यात नर-मादीच्या पेशी लहानमोठ्या झालेल्या आहेत, पण नराचे क्षेत्र पाहावे तर अवघे काही हजार अक्षरांचे. तर्क कितीही गोड असला तरी कागदपत्र काय म्हणते ते पाहावे, हे आम्ही इतिहासाच्या तासाला सांगत असू. इथेही तेच.

समुद्रातल्या तपकिरी शैवालांची कथा वेगळी, ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर रोस्कॉफ येथे सुसाना कोएल्यो, मार्क कॉक आणि सहकाऱ्यांनी एक्टोकार्पस या बारीक केसाळ शैवालावर काम केले. २०१४ मध्ये त्यांनी दाखवले की त्याचे यू आणि व्ही क्षेत्र जवळजवळ सारख्या आकाराचे आणि निदान सात कोटी वर्षांचे जुने आहे. बुल यांचा हिशेब समुद्रातही बरोबर निघाला. २०२४ मध्ये त्यातले नर करणारे जनुक हाती लागले. ते ज्या कुळातले आहे, माणसातले पुरुष करणारे जनुकही त्याच कुळातले. शैवालाचा आणि आपला त्या बाबतीत काहीही वारसासंबंध नाही. दोन गावांनी स्वतंत्रपणे एकाच जातीच्या लाकडाची दारे केली, इतकेच.

शेवटी पुन्हा व्हॉल्व्हॉक्सकडे येते. या घराण्यात आफ्रिकानस नावाची एक जात आहे. तिच्यात नर-मादी वेगळे नाहीत, एकाच वाणातून अंडीही होतात आणि शुक्राणूही. पूर्वी वेगळे असलेले पुन्हा एकत्र आलेले. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी तिचे जुने दप्तर उघडून पाहिले, म्हणजे जमिनीच्या सातबाऱ्यावरचे जुने फेरफार पाहावेत तसे. मादीचे क्षेत्र त्यात जवळजवळ जसेच्या तसे शाबूत निघाले. नराच्या क्षेत्राचे बहुतेक सगळे गेलेले. फक्त मिडच्या काही प्रती उरलेल्या, त्याही मूळ जागी नव्हेत, दुसरीकडेच कुठेतरी.